तराफा क्रमांक १४६ आणि कान-पूर्व गुरुजी

एक डावा बूट. काळा, बेचाळीस नंबरचा, आत मोजा.

सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पाण्यावर तरंगतात, पण फार वेळ नाही.

डावीकडे कान काढा. उजवीकडे पूर्व दिशा काढा. झालं एक आडनाव.

ल्योउचौ शहरातून आलेल्या माणसाच्या कपड्यांना गोगलगायीच्या रश्श्यातल्या शेवयांचा वास येतो. तीनदा धुतले तरी जात नाही.

शिजलेला मासा ताटात उलटवू नये.

भूगोल शिकवणाऱ्याला पोहता येतंच असं नाही.

*

मित्रांनो, मी बांबूचा तराफा आहे आणि जुना आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. हसू नका. तुम्ही चार वर्षं पाण्यात पडून राहा आणि मग बोला.

डोंगरामागच्या बनातून नऊ बांबू तोडून आणले, त्यांची हिरवी साल तासली, पुढची टोकं विस्तवावर धरून वर वाकवली आणि सगळे एकमेकांना करकचून बांधले. तो मी. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण मासे धरायला जाणार. मग माझ्या पाठीवर दोन खुर्च्या ठोकल्या. खुर्च्यांवर झालरीची जांभळी छत्री उभी केली. बाजूला रंगाने आकडा लिहिला, १४६. म्हणजे माझ्यासारखे आणखी एकशे पंचेचाळीस मूर्ख आधीच नदीत होते. पुढे माझ्या नऊपैकी सात बांबू बदलले गेले. तरी मी मीच आहे. तुमचा एक दात पडला तरी तुम्ही आठवडाभर आरसा सोडत नाही.

माझं काम असं. सकाळी वरच्या घाटावरून दोन माणसं घ्यायची आणि दुपारी खालच्या घाटावर ओतायची. वाटेत सहा बंधारे. प्रत्येक बंधाऱ्यावरून मी नाक खाली करून घसरतो, माणसं किंचाळतात आणि खाली बसलेला एक इसम त्यांच्या उघड्या तोंडांचा फोटो काढून त्यांनाच विकतो. मग मला इतर तराफ्यांबरोबर ट्रकवर रचतात आणि पुन्हा वर नेतात. नदीने खाली, ट्रकने वर. चार वर्षांत मी उलट प्रवाहात एक हातसुद्धा गेलेलो नाही आणि लोक मला पाहून म्हणतात, "अहाहा, काय हे मुक्त जीवन!"

लोकांबद्दल मी थोडक्यात सांगतो. त्यांच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे असतात आणि ते स्वतःचा फोटो काढतात. ते पाण्याच्या पिचकाऱ्या विकत घेतात आणि भिजल्यावर भांडतात. ते उंच टाचेची चप्पल घालून माझ्यावर चढतात, टाच दोन बांबूंच्या फटीत अडकते आणि ते मलाच शिव्या देतात.

माझा नावाडी बरा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याला निदान गप्प बसता येतं. त्याचं नाव मो तिंगशेंग, वय अठ्ठावन्न. बायको लवकर गेली. एकच मुलगी, लिंगयाओ. ती ल्योउचौच्या दवाखान्यात क्ष-किरणाच्या यंत्रावर असते. आमच्याकडच्या बोलीत 'मो' म्हणजे 'नको'. 'मो तुंग' म्हणजे हलू नको. त्यामुळे तो माझ्यावर उभा राहून दिवसभर ओरडतो, तेव्हा बाहेरगावच्या लोकांना वाटतं, हा म्हातारा काठी मारत मारत स्वतःचंच आडनाव पुकारतोय.

*

आता नदीवरच्या रिती ऐका. या शहाण्या माणसांनीच केलेल्या आहेत. मी नाही.

मासा उलटवायचा नाही, होडी उलटते. चॉपस्टिक वाडग्यावर आडवी ठेवायची नाही, होडी खडकावर अडकते. आणि पाण्यावर कोणाला आडनाव विचारायचं नाही. कारण समोरचा 'छन' निघाला तर? छन हे मोठं, जुनं, सभ्य आडनाव आहे. पण 'बुडणं' या शब्दाचा उच्चारही नेमका तोच, छन. त्या अक्षरात डावीकडे कान असतो आणि उजवीकडे पूर्व. म्हणून नाव घ्यायचीच वेळ आली तर नावाडी त्या माणसाला 'कान-पूर्व' म्हणतात. वाघाला मांजर म्हटलं की तो चावत नाही, तसंच.

मी बांबू आहे. मला बुडता येत नाही, कितीही वेळा बूड म्हणा. पण हे मो तिंगशेंगला कोण सांगणार?

लिंगयाओचं जमलं ते नेमकं एका छनशी.

*

हे मला आदल्या दिवशी कळलं. ऊन उतरलं होतं. मी घाटाला बांधलेला होतो. लिंगयाओ माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि फोनवर बोलू लागली. पलीकडे तिचा बोयुआन. आवाज इतका मोठा ठेवला होता की पाण्यातल्या बदकांनीही ऐकलं.

"तुझ्या बाबांना नीट सांग. उद्या त्यांचं आडनाव वेइ."

"वेइ तर आईचं आहे."

"म्हणून तर म्हणतेय! अगदी खोटं नाही होत."

"बाबा म्हणतात, छत्तीस वर्षं वर्गात खरं बोला म्हणून शिकवलं, आता या वयात बायकोचं आडनाव लावू का?"

"एका दिवसापुरतं! माझे बाबा तसे विचारणारच नाहीत. मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय, मुलगा वेइ म्हणून. सहल होऊ दे, जेवण होऊ दे, त्यांनी एकदा हो म्हणू दे. मग सांगू."

"आणि कळलं तर?"

ती पायाने माझ्या फटीतलं शेवाळ खरवडत बसली. मग म्हणाली, "कळलं तर ते कधीच हो म्हणणार नाहीत, बोयुआन. आणि त्यांच्या हो शिवाय मी लग्न करणार नाही. आता तूच बघ."

एवढी शिकलेली मुलगी. माणसाच्या आतलं हाडन् हाड दिवसभर बघते. आणि योजना ही अशी.

*

सहलीचा दिवस. ऑक्टोबर संपत आलेला, भात कापणीला आलेलं, तीराच्या झाडांवर पपनसं लटकलेली. वरच्या घाटावर ल्योउचौचं कुटुंब उतरलं. तो वास मी लांबूनच ओळखला.

छन शौरेन, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना आपण गुरुजी म्हणू, कारण ते स्वतःला तेच समजतात. पोट पुढे, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. नदीवर. सोबत पत्नी वेइ शुएलान, कमरेला बियांची पिशवी. दोघं माझ्यावर बसली. मागच्या तराफ्यावर लिंगयाओ आणि बोयुआन, तोंडं अशी की जणू दोघांचाही निकाल आज लागणार.

"या व्याहीबुवा, या विहीणबाई," मो म्हणाला. "जाकिटं घाला. बंद नीट लावा."

नारिंगी जाकिटात गुरुजी उकडलेल्या खेकड्यासारखे दिसत होते. निघाल्या निघाल्या त्यांनी डोंगराकडे बोट केलं.

"हे बघा. ही चुनखडी. पूर्वी इथे समुद्र होता. पावसाने खडक विरघळत विरघळत हे सुळके उरले. कोट्यवधी वर्षं लागली!"

"हो का," मो म्हणाला. "तो म्हशीचा डोंगर. त्याच्या मागे ऊन गेलं की आम्ही जेवतो."

"अहो, त्यांच्या दारातलाच डोंगर तुम्ही त्यांना शिकवताय," वेइबाई बी फोडत म्हणाल्या. टरफल माझ्यावर. "यांचं असंच असतं हो व्याहीबुवा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला पृथ्वी कशी फिरते ते सांगत होते. मी म्हटलं, फिरू दे तिला, तुम्ही आधी पाणी भरा."

मो हसला. तो हसतो तेव्हा काठी जरा उशिरा पडते, म्हणून मला कळतं.

तिसऱ्या बंधाऱ्याखाली गोट्यांचा काठ आहे. तिथे टेबलं मांडून बिअरमध्ये शिजवलेला मासा वाढतात. मला टेबलाच्या पायालाच बांधलं, त्यामुळे सगळं दिसत होतं. मो प्रत्येकाच्या हातांकडे बघत होता. माशाची वरची बाजू संपली. आता परीक्षा. गुरुजींनी मासा उलटवला नाही. त्यांनी चमचा काट्याखाली हळूच सारला, अख्खा काटा शेपटीसकट उचलून बाजूला ठेवला आणि खालचं मांस तसंच्या तसं उघडं केलं. एक थेंब सांडला नाही.

"वा!" मोने टेबलावर थाप मारली. "शहरात हे कोणी शिकवलं?"

"कोणी कशाला शिकवायला पाहिजे," वेइबाई म्हणाल्या. "आठवडा झाला, घरात सकाळ-दुपार मासा. सराव चाललाय. मांजर आजारी पडलं आमचं."

मोने गुरुजींचा पेला भरला. स्वतःचा भरला. मग आणखी एकदा. समोर लिंगयाओने टेबलाखाली बोयुआनचा हात धरला. बिचारीला वाटलं, पार पडलं.

माणसं मूर्ख असतातच. पण खूश झालेली माणसं फारच.

*

पोटभर जेवल्यावर गुरुजींना जाकीट आवळायला लागलं. त्यांनी बंद सोडून टाकले. मोचं लक्ष नव्हतं, तोही दोन पेले प्यायला होता आणि गुणगुणत होता. चौथा बंधारा गेला. पाचव्याच्या अलीकडे वर जाणाऱ्या एका नावाड्याने काठावरून हाक दिली, "मोदादा, आज कोण एवढे मोठे पाहुणे?"

मोने छाती फुगवली. "ल्योउचौचे वेइ गुरुजी! माझे व्याही!"

हाक सगळ्या नदीवर गेली. डोंगरावरून परत आली. वेइ गुरुजी, वेइ गुरुजी.

गुरुजींची मान खाली गेली. वेइबाईंनी त्यांच्या गुडघ्याला चिमटा काढला. पण छत्तीस वर्षं खरं बोला खरं बोला केलेल्या माणसाचं खोटं पोटात टिकत नाही, त्यातून वर दारू. तो शब्द त्यांना उच्चारायचा नव्हता. ते त्यांना माहीत होतं, नदीच्या रिती त्यांनी वहीत उतरवून पाठ केल्या होत्या. आणि म्हणूनच त्यांना वाटलं की आपल्याला एक सभ्य वाट सापडली आहे.

"मो व्याही," ते म्हणाले. "मी वेइ नाही. वेइ ही. मी... कान-पूर्व."

आणि ते किंचित हसले सुद्धा. आपण रीत पाळली म्हणून!

मित्रांनो, चोराने दार न वाजवता आत शिरावं आणि घरधन्याला म्हणावं, बघा, मी बूट बाहेरच काढले. तसं हे.

काठी थांबली. पाचवा बंधारा दहा हातांवर होता. पाण्याचा आवाज वाढत होता.

"चढलीय त्यांना," वेइबाई म्हणाल्या. "बसा हो गप्प."

"कान-पूर्व," मो म्हणाला. "म्हणजे पोरगाही."

"वंशपरंपरेने," गुरुजी म्हणाले. शिक्षक तो शिक्षकच.

"आणि त्याचं पोर?"

वेइबाईंची बी दातांतच राहिली.

"नऊ पिढ्या आम्ही या पाण्यावर काढल्या," मो म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नाही, खाली गेला. "दहावीला हाक काय मारू मी? 'बूड, जेवायला ये'? 'बूड, शाळेत जा'?"

मागून लिंगयाओ ओरडली, "बाबा, ऐका तरी!"

"तू गप्प. तुला ठाऊक आहे हा बंधारा कोणता आहे." मग तो गुरुजींकडे वळला. "माझा धाकटा भाऊ इथे गेला. सात वर्षांचा. मी नऊ वर्षांचा होतो. काठी माझ्या हातात होती." त्याने माझं नाक बंधाऱ्याच्या माथ्यावर टेकवलं आणि काठी रोवली. "उतरा."

"इथे?"

"गुडघाभर पाणी आहे. बाजूला पायऱ्या आहेत. चालत खाली या. माझ्या तराफ्यावरून या बंधाऱ्यावर तो शब्द जाणार नाही."

अपमान म्हणतात तो हा. मी ऐटीत सांगणार होतो की मला मजा वाटली. गुरुजी उठले आणि पॉलिश केलेल्या बुटांसकट पाण्यात उतरले. वेइबाई मात्र हलल्या नाहीत.

"तुम्हीही," मो म्हणाला.

"मी का? मी वेइ. मला काही होत नाही. चला, न्या मला." आणि त्यांनी आणखी एक बी फोडली. त्या दिवशी माझ्यावर बसलेल्या माणसांत तेवढी एकच मला आवडली.

गुरुजी पायऱ्यांकडे निघाले. ताठ मानेने. बंधाऱ्याच्या माथ्यावर शेवाळ असतं, तिथे ताठ मान कामाची नाही, वाकलेले गुडघे लागतात. चौथ्या पावलाला डावा पाय सुटला. माणूस पाठीवर पडला, तसाच घसरत बंधाऱ्यावरून खाली डोहात गेला. उघडं जाकीट वर सरकलं, डोक्यावरून निघालं आणि एकटंच तरंगू लागलं.

नारिंगी. रिकामं.

"मो छन!" मो तिंगशेंग ओरडला. "मो छन! मो छन!"

आमच्या बोलीत दुसरं काय ओरडणार? बुडू नको. बुडू नको.

तो ओरडत ओरडतच उडी मारून मोकळा झाला. काठी टाकून. चार वर्षांत त्याने मला कधी असं सोडलं नव्हतं. मी वेइबाईंना घेऊन एकटाच घसरलो, नाक खाली, छत्री तिरपी. बाईंचा तो फोटो खाली बसलेल्या इसमाने काढला तो मात्र पाहण्यासारखा आहे, तोंड बंद, डोळे नवऱ्यावर. डोहात मोने डोकं खाली घातलं. वर आला. पुन्हा खाली घातलं. लिंगयाओ मागच्या तराफ्यावरून उतरून बंधाऱ्याच्या माथ्यावर आली. मग मो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत सदऱ्याची कॉलर होती आणि कॉलरीत गुरुजी.

गुरुजी खोकले. पाय टेकवून उभे राहिले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं.

छातीपर्यंत!

मो तसाच कॉलर धरून उभा. सोडेना. तो पुटपुटतच होता, "मो छन, मो छन."

मी वळून त्यांच्यापाशी आलो. आलो म्हणजे प्रवाहाने आणलं, मला काही घाई नव्हती. वेइबाई छत्रीखालून वाकल्या. केसांतून पाणी गळत होतं.

"व्याहीबुवा. काय ओरडताय ते जरा परत म्हणा."

"काय?"

"परत म्हणा."

"मो छन," मो म्हणाला, आणि थांबला.

त्याने स्वतःचाच आवाज ऐकला. मो. छन. त्याचं आडनाव, त्यांचं आडनाव.

"आधी तुमचं," गुरुजी दात वाजवत म्हणाले. "मग आमचं. अर्थही लागतो. व्याकरणाला धरून आहे."

"तुम्ही बुडालात तरी चुका तपासाल," वेइबाई म्हणाल्या. "यांना होणाऱ्या पोराला आईचं आडनाव लावता येतं. कायद्याची आडकाठी नाही. आडनाव मो, नाव छन. यात मला कोणी विचारलं नाही, वेइ कुठेच नाही, तरी मी हो म्हणते."

"तुमच्या घराण्यात चालेल?" मोने विचारलं. गुरुजींना. कॉलर न सोडता.

आता परीक्षा याची होती. सकाळपासून एका दिवसाकरताही ज्याला आपलं आडनाव सोडवलं नव्हतं, त्याला ते कायमचं मागे सरकवायचं होतं. गुरुजींनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"त्या पोराला या नदीवर कोणी कधी तराफ्यावरून उतरवणार नाही, एवढं बघा," ते शेवटी म्हणाले. "मग चालेल."

मोने कॉलर सोडली.  काठी वाहत गेली होती ती पोहत जाऊन आणली आणि मग बराच वेळ तिने डोहाचा तळ चाचपत राहिला. गुरुजींचा डावा बूट शोधत. मागच्या तराफ्याचा नावाडी वैतागला, आणखी सात तराफे बंधाऱ्यावर खोळंबले, कोणी शिव्या दिल्या. बूट मिळाला तेव्हा त्याने तो उलटा करून पाणी काढलं आणि गुरुजींच्या पायाशी ठेवला. मग मुलीकडे न बघता म्हणाला,

"मुलगी झाली तरी हेच नाव."

लिंगयाओ शेवाळावरच बसली आणि रडायला लागली. बोयुआनही. सहाव्या बंधाऱ्यावर पाचही जणं मिळून इतकं मोठ्याने हसली की मला लाज वाटली.

*

तर मित्रांनो, शेवटी काही बोध सांगायचा असतो.

टाचेच्या चपला काढून बसा. टरफलं पिशवीत टाका. बंद सोडू नका. वाळल्यावर आमच्यात भेगा पडतात, म्हणून वर्षातून दोनदा आम्हाला सावलीत ठेवा. आणि डोंगरांकडे बघा, ते तुमच्या मागे नाहीत, समोर आहेत. एवढं केलंत तरी मी तुम्हाला आदर देईन असं नाही, पण तुम्हाला पैलतीरी पोचवीन. पुढच्या वर्षी माझे उरलेले दोन जुने बांबूही काढतील, मग मला तुमची तोंडं लक्षात राहतील की नाही, सांगता येत नाही.

बांधून झाल्यावरची माझी पहिली फेरी, खुर्च्या ठोकण्याच्याही आधीची, छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांची थडगी झाडण्याच्या सणाच्या, सकाळी झाली. मो तिंगशेंग एकटाच उदबत्त्या आणि झाडू घेऊन नदीपलीकडे त्याच्या आणि त्या बुडालेल्या भावाच्या आईच्या थडग्यापाशी गेला, आणि त्या दगडावर तिचं माहेरचं आडनाव छन असं कोरलेलं आहे.